वेगळे निघायचे, तर वाटणीचा कागद आधी

(नाशिक येथील जिल्हा मेळाव्यात कोरडवाहू शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



मेळाव्यापुढे आज एका ओळीचा ठराव आला आहे. 'भारताने जागतिक व्यापार संघटनेतून ताबडतोब बाहेर पडावे.' ठराव मांडणारे कार्यकर्ते आपलेच आहेत. मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्यात कापूस, ज्वारी, बाजरी पिकवणारे आहेत. त्यांचा राग खरा आहे. त्या रागाला उत्तर म्हणून आम्ही इथे उभे नाही. बाहेर पडायचे म्हणजे नेमके काय करायचे, कोणत्या दाराने पडायचे आणि पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या कापसाचे काय होणार, एवढेच आम्ही तुमच्यापुढे मांडणार आहोत. ते ऐकून मग हात वर करा.

भांडण जुने आहे

हा वाद आजचा नाही. 20 डिसेंबर 1991 रोजी गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी आपला मसुदा पुढे ठेवला आणि देशातील शेतकरी चळवळ उभी चिरली. कर्नाटकात प्राध्यापक नंजुंडस्वामींच्या रयत संघाने विरोधाचे निशाण उभारले. उत्तरेत टिकैतांची किसान युनियन त्यांच्या बाजूला गेली. महाराष्ट्रात शरद जोशींनी उलट भूमिका घेतली आणि डंकेल प्रस्तावाचे स्वागत केले. 1993 च्या मार्च महिन्यात दिल्लीने दोन्ही बाजूंचे मेळावे पाहिले. एक डंकेल गाडा म्हणणारा, दुसरा डंकेल आणा म्हणणारा. दोन्हीकडे धोतर-मुंडाशातलेच लोक होते.

दोघांचा मुद्दा थोडक्यात असा. नंजुंडस्वामी म्हणत होते, बियाणे कंपन्यांच्या ताब्यात जाईल, परदेशी माल येईल आणि शेतीचे धोरण परदेशात ठरेल. जोशी म्हणत होते, शेतकऱ्याला लुटणारा परदेशात नाही, तो दिल्लीत आहे. अमेरिका-युरोपात सरकार शेतकऱ्याला अनुदान देते, इथले सरकार निर्यातबंदी, लेव्ही आणि झोनबंदी घालून शेतकऱ्याकडून उलटी पट्टी वसूल करते. बाजार खुला झाला तर निदान ही वसुली उघडी पडेल.

15 एप्रिल 1994 रोजी मराकेश येथे करारावर सह्या झाल्या. भारताच्या वतीने तेव्हाचे वाणिज्यमंत्री प्रणव मुखर्जी यांनी सही केली. 1 जानेवारी 1995 पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. आज ते दोन्ही नेते हयात नाहीत, वाद मात्र हयात आहे. 26 फेब्रुवारी 2024 रोजी, अबुधाबीत व्यापारमंत्र्यांची परिषद सुरू झाली त्याच दिवशी, संयुक्त किसान मोर्चाने देशभर 'डब्ल्यूटीओ सोडा' दिवस पाळला आणि महामार्गांवर ट्रॅक्टर उभे केले. आपल्यापुढचा ठराव त्याच वाटेने आला आहे.

तक्रार खोटी नाही

बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या तीन तक्रारी आहेत. त्या आधी नीट समजून घेऊ.

पहिली तक्रार मापाची आहे. करारानुसार आपल्यासारख्या देशाला एखाद्या पिकाला द्यायचा आधार त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत ठेवावा लागतो. श्रीमंत देशांना 5 टक्के. ऐकायला आपल्याला झुकते माप वाटते. पण जे देश 1994 पूर्वी भरमसाट अनुदान देत होते त्यांना त्या अनुदानाचा मोठा हिस्सा चालू ठेवण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेच्या वाट्याला त्यामुळे वर्षाला 19.1 अब्ज डॉलरची वेगळी मर्यादा आली. आपण तेव्हा अनुदान देतच नव्हतो, म्हणून आपल्याला ती मर्यादा नाही. ज्याने आधी जास्त खाल्ले त्याला जास्त वाढायचे, असा हा न्याय.

दुसरी तक्रार हमीभावाची आहे. हमीभावातून किती आधार दिला हे मोजताना आजचा हमीभाव 1986 ते 1988 या काळातल्या जागतिक भावाशी ताडतात. त्या वेळी डॉलर 13 रुपयांच्या आसपास होता. आज तो 85 रुपयांच्या वर आहे. हिशेब डॉलरमध्ये मांडला तर एक उत्तर येते, तेव्हाच्या रुपयांत मांडला तर दुसरेच. नोव्हेंबर 2018 मध्ये अमेरिकेने जिनिव्हात कागद दाखल केला की भारत कापसाला मर्यादेच्या कितीतरी पट आधार देतो. त्यांनी हिशेब रुपयांत केला, आणि सरकारने प्रत्यक्ष विकत घेतलेला कापूस न धरता सगळा पिकलेला कापूस धरला. खरीप 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल आहे. संकरित ज्वारीचा 3,699 आणि मालदांडीचा 3,749 रुपये. हे भाव आपल्याला खर्चाला पुरत नाहीत आणि जिनिव्हात मात्र ते चैनीत मोजले जातात. राग येणार नाही तर काय होईल?

तिसरी तक्रार न्यायाची आहे. अमेरिकेतील कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने 2002 मध्ये तक्रार केली. अमेरिकेत त्या काळी कापूस पिकवणारे शेतकरी पंचवीस हजारांच्या आसपास, आणि त्यांच्या अनुदानाने जगभरातल्या कोट्यवधी कापूस उत्पादकांचा भाव पडत होता. 2005 मध्ये अपिलातही ब्राझील जिंकला. पण शेवट काय झाला? अमेरिकेने काही योजना बदलल्या, ब्राझीलला आधी दरवर्षी पैसे मोजले आणि 2014 मध्ये आणखी 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब कापूस उत्पादक देशांनी 2003 मध्ये हाच प्रश्न मांडला होता. त्यांच्या शेतकऱ्याच्या हाती काही पडले नाही. या खटल्यात भारत तिऱ्हाईत म्हणून बसला होता, त्याने स्वतःची तक्रार केली नाही. आणि आता तर तिथल्या अपील मंडळावर न्यायाधीशच नाहीत. अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्या म्हणून डिसेंबर 2019 पासून ते बंद पडले आहे.

या तिन्ही तक्रारी आम्हाला मान्य आहेत. इथपर्यंत ठराव मांडणारे आणि आम्ही एकाच बांधावर आहोत. फरक पुढे आहे.

बाहेर पडण्याचे तीन रस्ते

'बाहेर पडा' हा एक शब्द झाला. त्याच्या पोटात तीन वेगवेगळे रस्ते आहेत, आणि ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांतही प्रत्येकाच्या मनात वेगळा रस्ता आहे.

पहिला रस्ता सरळ आहे. कराराच्या पंधराव्या कलमाप्रमाणे कोणताही देश महासंचालकांना लेखी सूचना देऊन बाहेर पडू शकतो. सूचना पोचल्यापासून सहा महिन्यांनी तो बाहेर. कुणाची परवानगी लागत नाही, दंड नाही. 1995 पासून आजवर एकाही देशाने हे पत्र पाठवलेले नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवा.

दुसरा रस्ता म्हणजे संघटनेत राहायचे, फक्त शेती बाहेर काढायची. बहुतेकांना हाच आवडतो. ऐकायला गोडही आहे. पण कायद्यात तो एकट्याने चालता येत नाही. सगळे करार एका दाव्याला बांधलेले आहेत. शेतीचा करार नको, कापडाचा आणि सॉफ्टवेअरचा हवा, असे एका सदस्याला म्हणता येत नाही. बाहेर पडलो तर सगळ्यातून पडतो. फक्त शेती वगळायची तर करारच बदलावा लागेल, आणि त्यासाठी सध्याच्या 166 सदस्यांची संमती मिळवावी लागेल. म्हणजे हा बाहेर पडण्याचा रस्ता नव्हे, आत बसून लढण्याचा रस्ता आहे. तो घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण 'ताबडतोब' हा शब्द ठरावातून काढावा लागेल.

तिसरा रस्ता म्हणजे आत राहून जिथे बोचते तिथे दुरुस्त करून घ्यायचे. हे होतच नाही असे नाही. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, दुधाची भुकटी यांवरचे आयातशुल्क भारताने फार पूर्वीच्या गॅट वाटाघाटींत शून्यावर बांधून दिले होते. म्हणजे उद्या बाहेरची ज्वारी आली तर एक पैसा शुल्क लावता येत नव्हते. 1999 मध्ये भारताने दुसऱ्या देशांना मोबदल्यात काही सवलती देऊन ही गाठ सोडवून घेतली आणि या मालांवर शुल्क लावण्याचा हक्क परत मिळवला. बियाण्याचेही तसेच. करारात पिकांच्या वाणांना संरक्षण द्यायची अट होती. पण 2001 च्या आपल्या कायद्यात कलम 39 घालून शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि विकण्याचा हक्क टिकवला. फक्त ब्रँडचे नाव लावून बियाणे विकता येत नाही. चळवळीने आरडाओरड केली नसती तर हे कलम आले असते का? नसते. म्हणजे नंजुंडस्वामींचा विरोधही फुकट गेला नाही.

वेगळा निघणारा भाऊ

गावात भाऊ वेगळा निघतो तेव्हा काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. रागाच्या भरात तो म्हणतो, माझे मला द्या. पण विहीर सामाईक असते. पाण्याची पाळी असते. त्याच्या शेतात जायची वाट दुसऱ्याच्या बांधावरून असते. शहाणा माणूस आधी पंच बोलावतो, पाळी ठरवतो, वहिवाट लिहून घेतो आणि मग चूल वेगळी करतो. दुसरा आधी चूल वेगळी करतो आणि मग वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

जागतिक व्यापार संघटनेत आपली वहिवाट कोणती? सदस्य देशाने एका देशाला जे शुल्क लावले तेच दुसऱ्या सदस्यालाही लावायचे, हा तिथला मूळ नियम. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात, आपला कापूस आणि कांदा बांगलादेशात जातो. आपण बाहेर पडलो की हा नियम आपल्यापुरता संपतो. मग प्रत्येक देशाशी स्वतंत्र बोलणी. आणि एकट्याने मोठ्यासमोर बसल्यावर काय होते ते आपण पाहिले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे वाढीव शुल्क आधी 25 आणि मग 50 टक्क्यांवर नेले. ठराव मांडणारे म्हणतील, संघटनेत असूनही हे झालेच ना? झाले. संघटना लंगडी आहे याचा तो पुरावाच आहे. पण आज असे एक-दोन देश करतात. बाहेर पडल्यावर उरलेल्या 165 देशांना तसे करण्याची मोकळीक मिळेल.

इंग्लंडने काय केले

एका देशाने एका संघातून बाहेर पडून दाखवले आहे. त्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. 23 जून 2016 रोजी इंग्लंडने, म्हणजे युनायटेड किंगडमने, युरोपीय संघात राहायचे की निघायचे यावर जनमत घेतले. 51.9 टक्के लोक म्हणाले निघा, 48.1 टक्के म्हणाले राहा. कसे निघायचे हे मतपत्रिकेवर नव्हते.

त्यानंतर भांडण सुरू झाले ते कसे निघायचे यावर. एक म्हणे बाजार सामाईक ठेवू, दुसरा म्हणे जकात सामाईक ठेवू, तिसरा म्हणे काहीच नको. सरकारने एकट्याने पत्र पाठवू नये, संसदेला विचारावे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये दिला. 29 मार्च 2017 रोजी पत्र गेले. पंतप्रधान थेरेसा मे यांनी वाटाघाटी करून करार आणला, तो 15 जानेवारी 2019 रोजी 432 विरुद्ध 202 मतांनी पडला. त्यांच्या विरोधात मत देणाऱ्यांत निघू इच्छिणारेही होते आणि राहू इच्छिणारेही. मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. 31 जानेवारी 2020 रोजी देश बाहेर पडला आणि व्यापाराचे जुने नियम त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत चालले. मतदानापासून साडेचार वर्षे.

तिथल्या शेतकऱ्याचे काय? त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने एप्रिल 2016 मध्येच ठराव केला होता की शेतीचे हित संघात राहण्यात आहे. तरी पुष्कळ शेतकऱ्यांनी निघण्याच्या बाजूने मत दिले. कागदपत्रांचा आणि नियमांचा त्यांना वीट आला होता. निघाल्यावर इंग्लंडमध्ये एकरी मिळणारे जुने थेट अनुदान 2021 पासून टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. डिसेंबर 2021 मध्ये त्यांच्या सरकारने ऑस्ट्रेलियाशी करार केला, तेव्हा मेंढ्या आणि गुरे पाळणारे शेतकरी ओरडले की आमचा बाजार देऊन टाकला. आम्ही असे म्हणत नाही की त्यांनी निघायला नको होते. तो त्यांचा हक्क. आमचे म्हणणे एवढेच की 'निघा' यावर मत घेतले आणि 'कसे' हे पुढाऱ्यांवर सोडले, की वाटणी पुढाऱ्यांच्या सोयीने होते.

घरातला चोर

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आपल्या कापसाचा भाव पडतो तो जिनिव्हाच्या हुकुमाने पडतो का, हे तपासू.

करारात भारताला कापसावर 100 टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावण्याची मुभा आहे. प्रत्यक्षात 2008 पासून शुल्क शून्य होते. फेब्रुवारी 2021 मध्ये ते 11 टक्के केले. एप्रिल 2022 मध्ये गिरण्यांच्या मागणीवरून पुन्हा माफ, ऑक्टोबर 2022 अखेरपर्यंत. मग 19 ऑगस्ट 2025 पासून पुन्हा माफ, आधी सप्टेंबरअखेर आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी सुरू होऊन कापूस बाजारात येण्याच्या नेमक्या वेळी दार सताड उघडे. अनेक बाजारांत व्यापाऱ्याचा भाव हमीभावाच्या खाली राहिला. हे दार उघडा असे जिनिव्हातून कुणी सांगितले होते? कुणी नाही. आपल्याला 100 रुपयांची भिंत बांधायची मुभा, आपण 11 रुपयांची बांधली आणि तीही पाडली.

मालेगावचा यंत्रमागवाला म्हणेल, मला स्वस्त सूत हवे. त्याचेही पोट आहे. अमेरिकेच्या शुल्काने कापड उद्योग अडचणीत होता हेही खरे. पण त्याला मदत करायची तर सरकारने तिजोरीतून करावी. कापूसवाल्याच्या खिशातून का?

खाद्यतेलाचे पाहा. पामतेलावर 300 टक्क्यांपर्यंत शुल्क लावता येते. एप्रिल 2008 मध्ये कच्च्या तेलावरचे शुल्क सरकारने शून्य केले. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या पामतेल, सोयाबीन तेल आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले. करडई आणि भुईमूग आपल्या कोरडवाहू शेतातून का गेले, याचे कारण शोधायला समुद्र ओलांडायची गरज नाही.

निर्यातीचेही तेच. 5 मार्च 2012 रोजी कापसाची निर्यात बंद केली. कांद्यावर ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, 8 डिसेंबर 2023 पासून बंदी, ती मे 2024 पर्यंत. लासलगावला विचारा, हा हुकूम कुणाचा होता. 1972 पासून या राज्यात एकाधिकार खरेदी होती, आपला कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेला तर गुन्हा. तेव्हा जागतिक व्यापार संघटना जन्मालाही आली नव्हती. नोव्हेंबर 1980 मध्ये याच जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या, तेव्हा डंकेलचे नाव कुणी ऐकले नव्हते.

उद्या आपण बाहेर पडलो तर यातले काय थांबेल? काहीच नाही. उलट 'आता आम्ही मोकळे' म्हणून सरकारला निर्यात बंद करायला आणखी सोपे जाईल. रोग मुळात आणि फवारणी पानावर, असे होईल. आम्ही कृषीचे शिक्षण घेतलेली माणसे. मर रोगावर पानांवर कितीही औषध मारले तरी झाड उभे राहत नाही, हे आम्हाला शेताने शिकवले आहे.

ठराव असा करा

म्हणून आमची विनंती आहे. ठराव फेटाळू नका, दुरुस्त करा. दुरुस्ती अशी:

एक. कापसाची आवक सुरू असताना, म्हणजे ऑक्टोबर ते मार्च, कापसावरचे आयातशुल्क सरकारने कमी करू नये. जी मुभा करारात आहे ती पुरी वापरावी.

दोन. कापूस, कांदा, ज्वारी कशावरही निर्यातबंदी नको. घातली तर हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक सरकारने द्यावा.

तीन. 1986-88 चा भाव काढून टाकून चालू काळातला भाव धरावा, आणि सरकारने प्रत्यक्ष घेतलेला मालच मोजावा. यावर भारताने आफ्रिकेच्या कापूस उत्पादक देशांना बरोबर घेऊन लढावे. तिऱ्हाईत म्हणून बसू नये.

चार. शेती हा घटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे. तरीही परदेशाशी शेतीचा करार करताना विधानसभेला कुणी विचारत नाही, संसदेचे मतही घ्यावे लागत नाही. आत जायचे असो की बाहेर पडायचे असो, आणि दोन देशांमधला नवा करार असो, मसुदा आधी संसदेत आणि राज्यांच्या विधानसभांत ठेवावा. हे कलम सगळ्यात मोलाचे आहे. आज एका पत्राने बाहेर पडण्याची टाळी आपण वाजवली, तर उद्या एका सहीने बाजार विकला जाईल तेव्हा आपल्याला तोंड उरणार नाही.

पाच. एवढे करूनही ठरावीक मुदतीत मोजमाप बदलले नाही, तर बाहेर पडण्याचा प्रश्न पुन्हा घ्यावा. पण तेव्हा बाहेर पडल्यानंतरच्या व्यापाराचा, शुल्काचा आणि हमीभावाचा कागद सोबत जोडलेला असावा.

बाहेर पडणे म्हणजे पाप नाही आणि आत राहणे म्हणजे गुलामी नाही. दोन्हीकडे शेतकऱ्याचा भाव कोण ठरवतो, हा एकच प्रश्न आहे. तो ठरवण्याची सत्ता दिल्लीतून परदेशात जावी असे आम्हाला वाटत नाही, आणि ती परदेशातून पुन्हा दिल्लीत येऊन तिथेच बसावी असेही वाटत नाही. ती शेतकऱ्याच्या हाती यावी.

आता चर्चा होऊ द्या. मूळ ठराव मांडणाऱ्यांना उत्तराची पुरी संधी मिळाली पाहिजे. मतदान कलमवार घ्यावे. आणि जो निर्णय होईल तो कारणांसह गावात जाऊन सांगा. कापूस वेचायला आलेल्या बायांनाही सांगा, कारण भाव पडला की त्यांची मजुरी आधी कापली जाते.